जुनी ऑफ-रोड तीनचाकी: दुरुस्तीला हात घालण्याआधी हिशेब कसा मांडावा

काटोल किंवा नरखेडच्या बाजूला एखाद्या संत्र्याच्या बागेतल्या कोठ्यात, फवारणीच्या पंपामागे, ताडपत्रीखाली फुगीर टायरांची एक तीनचाकी पडलेली असते आणि मालक सहज म्हणून जातो, "चालू करता आली तर घेऊन जा." जुन्या यंत्रांची आवड असलेल्या माणसाला तिथून रिकाम्या हाताने परतणे अवघड जाते. अशी गाडी दुरुस्त कशी करावी, हा या लेखाचा विषय नाही. ती दुरुस्त करावी की नाही, हे दोन सुट्ट्यांत आणि फारसा खर्च न करता कसे ठरवावे, एवढेच येथे सांगायचे आहे.

पहिली पायरी: गाडी नेमकी कोणती, हे ओळखावे

होंडाने १९७० मध्ये अमेरिकेच्या बाजारात 'यूएस ९०' या नावाने ८९ सीसीची पहिली अशी गाडी आणली आणि पुढे तिचेच नाव 'एटीसी ९०' झाले. तिला ना स्प्रिंग होती ना शॉक-अ‍ॅब्सॉर्बर. सगळे हादरे कमी दाबाच्या २२ इंची टायरांनीच झेलायचे, अशी तिची रचना होती. त्यानंतर एटीसी ११०, १८५, २०० आणि टू-स्ट्रोक २५०आर ही मॉडेले आली. यामाहाने ट्राय-मोटो आणि कावासाकीने केएलटी काढली. अपघातांचे प्रमाण वाढल्यावर अमेरिकेतील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग आणि कंपन्या यांच्यात न्यायालयामार्फत जो समझोता झाला, त्यानुसार १९८८ मध्ये तिथली नव्या तीनचाकींची विक्री थांबली. त्यामुळे गाडी या जपानी कंपन्यांपैकी एखादीची असेल, तर तिचे वय चार दशकांच्या आसपास किंवा त्याहून जास्त धरून चालावे.

चेसीवरचा आणि इंजिनवरचा क्रमांक रॉकेलच्या फडक्याने पुसून स्वच्छ करावा आणि त्याचे छायाचित्र घ्यावे. तिथे कानस किंवा पॉलिश पेपर मुळीच लावू नये. मॉडेल आणि वर्ष पक्के झाल्याशिवाय सुट्या भागांची चौकशी करणे म्हणजे अंधारात गोटे मारणे होय. होंडाचे आडव्या सिलिंडरचे इंजिन पाहून आपल्याकडचे बरेच मिस्त्री "हे तर सीडी १०० चेच आहे" असे म्हणतात. दोघांत घराण्याचे साम्य आहे, हे खरे. पण मापे घेतल्याशिवाय एकाचा पिस्टन दुसऱ्याला लागेल असे गृहीत धरू नये.

दुसरी पायरी: कागद पाहावेत

ही पायरी कंटाळवाणी वाटते. म्हणूनच बहुतेक जण ती शेवटी ठेवतात आणि फसतात. या गाड्या भारतात रीतसर विकल्या गेल्या नाहीत. इथे एखादी दिसलीच, तर ती कुणाच्या सामानासोबत किंवा एखाद्या प्रकल्पाच्या यंत्रसामग्रीत आलेली असण्याची शक्यता अधिक. तेव्हा सीमाशुल्काची पावती, म्हणजे बिल ऑफ एन्ट्री, आहे का हे प्रथम विचारावे. सध्याच्या आयात धोरणात तीन वर्षांहून जुने वापरलेले वाहन सर्वसाधारणपणे आणता येत नाही, त्यामुळे हरवलेल्या कागदांची भरपाई आज नव्याने करता येईल, ही आशा ठेवू नये.

पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीची सोय केली आणि त्यासाठी वीस हजार रुपये शुल्क ठेवले. परंतु ती दुचाकी आणि चारचाकी वाहनांसाठी आहे. तीनचाकी त्यात बसत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीविना गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. तेव्हा या गाडीवर नागपूरची एमएच-३१ ची पाटी लागेल आणि रविवारी सकाळी फुटाळा तलावाला एक फेरी मारता येईल, हे चित्र मनातून आधीच पुसून टाकावे. तिला शेतावर न्यायचे तर छोट्या टेम्पोतूनच न्यावे लागेल. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलवाटांचा तर विचारही करू नये. संरक्षित वनात परवानगीविना वाहन घालणे हा गुन्हा आहे.

आपल्या मालकीची, कुंपणाची आणि दोन-चार एकरांची तरी जागा नसेल, तर प्रश्न येथेच मिटतो. निव्वळ शोभेसाठी जपायची असेल, तर मात्र इंजिन उघडण्याचीही गरज नाही. गंज थांबवून ती सावलीत ठेवली तरी पुरते.

तिसरी पायरी: पाना कमी, डोळे आणि कान जास्त

जागा असेल तर आता यंत्राकडे वळावे. आधी इंजिन फिरते का, ते पाहावे. दोरी ओढून किंवा किक मारून ते हलत नसेल, तर जोर लावू नये. स्पार्क प्लग काढावा, त्या छिद्रातून डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण थोडे सोडावे आणि तीन-चार दिवस तसेच राहू द्यावे. त्यानंतर मॅग्नेटोच्या (इंजिनासोबत फिरून ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाच्या) नटावर पाना लावून हलक्या हाताने पुढे-मागे करावे. सुटले तर सुटले. घट्टच राहिले तर सिलिंडर उतरवावा लागणार, हे समजून तो खर्च लिहून ठेवावा.

इंजिन फिरत असल्यास कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, प्लगच्या छिद्राला गेज लावून मोजावे. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून काटा वाढायचा थांबेपर्यंत दोरी ओढावी. फोर-स्ट्रोक इंजिनाने १२० पीएसआयच्या पुढचा आकडा दाखवला तर आशेला जागा आहे. ९० च्या खाली असेल तर प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा लक्षणीय वाढला तर दोष रिंग आणि बोअरमध्ये असतो, जागचा हलला नाही तर तो व्हॉल्व्हमध्ये असतो. दोन्ही कामे नागपुरात होतात, त्यामुळे या आकड्याने खचून जाऊ नये.

क्रँकचे बेअरिंग हा मात्र गंभीर विषय आहे. प्लग काढून इंजिन हळूहळू फिरवताना खडखड ऐकू आली, किंवा खालचे ऑइल काढल्यावर त्यात चमकणारा धातूचा चुरा दिसला, तर खर्चाचा अंदाज सरळ वरच्या पट्टीत न्यावा. मी एका जुन्या गाडीच्या बाबतीत ऑइल न बघताच आधी टाकी रंगवून घेतली होती. नंतर क्रँक गेलेला निघाला आणि ती चकचकीत टाकी अजूनही आमच्या माळ्यावर पडून आहे.

यानंतर मागचा आस पाहावा. गाडी ठोकळ्यावर उचलून मागची चाके वर-खाली आणि आत-बाहेर हलवावीत. बेअरिंग गेले असतील तर बदलता येतात, कारण बहुतेक बेअरिंग प्रमाणित मापाचे असतात आणि त्यावरचा क्रमांक वाचून बाजारात मिळतात. पण आसावरच्या आणि हबच्या खाचा झिजून गोल झाल्या असतील तर ते काम महाग पडते. चेसीला मानेजवळ आणि आसाच्या पकडीजवळ भेगा किंवा जुने वेल्डिंग आहे का, हे उजेडात, शक्य तर रंग खरवडून पाहावे.

चौथी पायरी: नागपुरात काय बनते आणि काय बनत नाही

माझ्या मते सगळा निर्णय या एका पायरीवर अवलंबून आहे. आपल्या शहरात लेथवाले, वेल्डर, बोरिंग करणारे, सँड ब्लास्टिंग आणि पावडर कोटिंग करणारे मुबलक आहेत. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत एक चक्कर मारली तरी याची खात्री पटते. बुशिंग, एक्सल पिन, सायलेन्सरचा पाइप, सीटचा सांगाडा, केबल, ओव्हरसाइज बोअर, सिलिंडरला स्लीव्ह, एवढेच काय, नमुना दिला तर स्प्रॉकेटसुद्धा येथे करून मिळते. यातले काहीही तुटलेले असले तरी घाबरू नये.

टायर, प्लास्टिकचे मूळ मडगार्ड, सीडीआय युनिट (प्लगला ठिणगी पुरवणारा इलेक्ट्रॉनिक भाग), कॅमशाफ्ट आणि इंजिनाची ओतीव कव्हरे मात्र येथे बनत नाहीत. गाडी पाहायला जाताना याच वस्तूंची यादी खिशात ठेवावी आणि त्यांपैकी किती शाबूत आहेत ते मोजावे. इंजिन बंद असले तरी ही यादी पूर्ण असलेली गाडी मी घेईन. इंजिन चालू आहे पण टायर फाटलेले आणि सीडीआय बेपत्ता आहे, अशी गाडी घेताना दहा वेळा विचार करीन.

टायरांविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे. या गाड्यांच्या टायरांत जेमतेम दोन-तीन पीएसआय हवा असते. पेट्रोल पंपावरचा गेज तिथे निरुपयोगी ठरतो आणि कमी दाबाचा वेगळा गेज घ्यावा लागतो. पहिल्या मॉडेलांचे टायर नेहमीच्या रिमवर बसवलेले नव्हते, आणि कापणी झालेल्या शेतातल्या धसकटांनी ते फाटले की दुरुस्त करणे अवघड होई; म्हणून होंडाने १९७५ मध्ये लोखंडी हब आणि अधिक मजबूत टायर दिले. आपल्याकडे पऱ्हाटी आणि तुरीची धसकटे काय करू शकतात, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. शिवाय चार उन्हाळे पंचेचाळीस अंशांत काढलेल्या रबराला बाजूने बारीक चिरा पडलेल्या असतातच. बोटाने दाबून त्या उघडताहेत का, ते पाहावे.

आणखी एक गोष्ट पेट्रोलची. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल ओलावा ओढून घेते आणि त्या काळचे रबर त्यासाठी घडवलेले नव्हते, त्यामुळे टाकीचा गंज काढणे, नव्या प्रतीची पेट्रोलची नळी टाकणे आणि कार्बोरेटरची सील बदलणे ही कामे गाडी चांगल्या स्थितीत असली तरी खर्चात धरावीत.

पाचवी पायरी: आकडे मांडावेत

कागदाचे तीन भाग करावेत. पहिल्या भागात नागपुरात होणारी कामे, दुसऱ्यात परदेशातून मागवायच्या वस्तू, तिसऱ्यात न दिसलेले दोष. परदेशातल्या वस्तूंची छापील किंमत न धरता वाहतूक आणि सीमाशुल्क यांसह तिची दुप्पट धरावी, आणि शेवटच्या बेरजेच्या एक तृतीयांश रक्कम तिसऱ्या भागासाठी ठेवावी. उदाहरणादाखल, स्थानिक कामे तीस हजारांची आणि बाहेरच्या वस्तू चाळीस हजारांच्या निघाल्या, तर बेरीज एक लाख दहा हजार होते आणि तिसरा भाग मिळवल्यावर ती एक लाख सेहेचाळीस हजारांच्या पुढे जाते. तेवढ्यात नवीकोरी मोटारसायकल कागदपत्रांसह दारात उभी राहते.

पुनर्विक्रीची किंमत शून्य धरावी. हे कठोर वाटेल. पण नोंदणी नसलेल्या गाडीला गिऱ्हाईक मिळणे हा योगायोग असतो आणि योगायोगाच्या भरवशावर खर्च करू नये. त्यानंतर स्वतःला एकच प्रश्न विचारावा: एवढे पैसे केवळ हौसेपोटी गेले तर चालतील काय? उत्तर द्यायला वेळ लागत असेल, तर ते नकारार्थीच समजावे.

सहावी पायरी: चालवणार कोण?

बहुतेक मॉडेलांच्या मागच्या आसाला डिफरन्शिअल नसते. दोन्ही मागची चाके एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे वळणावर गाडी सरळच जाऊ पाहते आणि शरीराचा भार नेमका सांभाळला नाही तर उलटते. घाबरून पाय खाली टेकला तर मागचे चाक त्याच पायावर चढते. घरात उत्साही मुले असतील आणि किल्ली कुलपात ठेवण्याची शिस्त नसेल, तर बाकीचा हिशेब कितीही जुळला तरी गाडी चालू करू नये. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये थापून बसतो आणि चाके जागीच अडतात. तेव्हा वर्षातले नेमके किती महिने ती चालणार आहे, हेही मोजावे.

एवढे करून उत्तर 'नाही' असे आले, तरी गाडी कबाडीला देऊ नये. टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावेत, प्लगच्या छिद्रातून थोडे ऑइल सोडून इंजिन दोन वेळा फिरवावे, प्लग परत लावावा, टायरांवरचा भार काढण्यासाठी गाडी विटांवर चढवावी आणि उन्हापासून दूर ठेवावी. सीडीआय, कॅमशाफ्ट आणि मडगार्ड काढून कागदात गुंडाळून त्यावर मॉडेलचे नाव लिहावे. ज्याची तीनचाकी नेमकी त्याच एका वस्तूसाठी अडली असेल, तो त्यांची किंमत भंगाराच्या वजनावर करणार नाही.