गोल्फमध्ये स्कोअर अडकलाय? कोर्सवरच्या आणि ग्रीनवरच्या या चुका टाळा

एका राउंडला पंच्याण्णव फटक्यांच्या आसपास अडकलेल्या, ते कमी करू पाहणाऱ्या खेळाडूला विचारा, काय बिघडलंय? बहुतेक वेळा उत्तर येतं, ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब (काठी). मीही चार वर्षं तेच सांगत होतो. सरावाच्या रेंजवर चेंडूंच्या बादल्यामागून बादल्या रिकाम्या केल्या. स्विंग खरंच सुधारला, पण स्कोअर ९४ ते ९८ मध्येच घुटमळत राहिला.

मग एका उन्हाळ्यात मी पाच राउंडची कार्डं वेगळ्या पद्धतीनं भरली. प्रत्येक होलच्या स्कोअरशेजारी तीन आकडे लिहिले: पट (होलभोवतीच्या आखूड गवतावर, म्हणजे ग्रीनवर, चेंडू घरंगळवत मारायचे फटके) किती लागले, पेनल्टी किती बसली, आणि मारायलाच नको होते असे फटके किती मारले. सरासरी निघाली ३८ पट, ३ पेनल्टी आणि ५ नको ते फटके. खराब स्विंगमुळे गेलेले फटके होतेच, पण मला वाटत होते त्याच्या निम्मेही नव्हते. तुम्ही काहीही बदलण्याआधी हे पाच राउंड करा. माझ्या आणि तुमच्या चुका सारख्याच असतील असं नाही.

मनात पार धरून खेळणं

पार म्हणजे ठरवून दिलेले फटके, बोगी म्हणजे त्याहून एक जास्त. अठरा होलच्या, पार ७२ च्या कोर्सवर प्रत्येक होलला बोगी केली तरी ९० होतात. म्हणजे ज्याला नव्वदपर्यंत खाली यायचं आहे त्याच्यासाठी पार-४ हा खरं तर पार-५ आहे. ३८० यार्डांचा होल घ्या. तीन फटक्यांत ग्रीनवर पोहोचायचं तर एकेक फटका सरासरी १२७ यार्डांचा हवा. हे अंतर तुमच्या बॅगेतल्या आठ नंबरच्या किंवा सात नंबरच्या आयर्नचं असेल. इतक्या आरामात बोगी मिळत असताना आपण दुसऱ्याच फटक्यात १९० यार्डांवरच्या ग्रीनसाठी, समोर पाणी असताना, वूड (लांब मारायचा क्लब) काढतो. का? तर कार्डावर त्या होलपुढे ४ छापलेले असतात म्हणून.

याचा अर्थ ड्रायव्हर घरी ठेवा असा नाही. तो सल्ला मला अर्धवट वाटतो. लांब फटक्याचा फायदा खरा असतो, आणि १६० पेक्षा १२० यार्डांवरून ग्रीन गाठणं सगळ्यांनाच सोपं जातं. प्रश्न फक्त चेंडू पडतो तिथे जागा किती आहे याचा आहे. तुमचा चेंडू उजवीकडे वळत असेल आणि उजवीकडे कुंपण, म्हणजे आउट ऑफ बाउंड्स असेल, तर तिथे हायब्रिड (ड्रायव्हरपेक्षा आखूड मारणारा क्लब). दोन्ही बाजूंना नुसताच रफ (लांब गवत) असेल तर बिनधास्त ड्रायव्हर. आणि टी बॉक्स, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, चांगला रुंद असतो, त्याचा उपयोग करा. ज्या बाजूला धोका, त्याच बाजूला टी (चेंडू ठेवायची खुंटी) लावून धोक्यापासून दूर निशाणा धरला की फेअरवे (मधला आखूड गवताचा पट्टा) जास्त मोकळा मिळतो.

सात नंबरचा सगळ्यात चांगला फटका लक्षात ठेवणं

'माझा सात नंबर दीडशे जातो' असं आपण म्हणतो तेव्हा तो एकदा, वारा पाठीशी असताना, कडक जमिनीवर गेलेला असतो. रेंजवर दहा चेंडू मारा, सगळ्यात लांबचे दोन आणि सगळ्यात आखूड दोन सोडून द्या आणि उरलेल्या सहांची सरासरी काढा. माझी १३८ निघाली. त्या दिवसापासून मी एक क्लब जास्त घेतो. ग्रीनच्या मागच्या कडेपलीकडे माझा चेंडू क्वचितच जातो. आखूड पडायचा तो मात्र सर्रास. बंकर (वाळूचे खड्डे) आणि पाणी कोर्स आखणारे बहुधा ग्रीनच्या पुढ्यातच ठेवतात, त्यामुळे आखूड पडण्याची किंमत जास्त असते.

झेंड्याकडे नेम धरण्याचंही तसंच. जगातले सर्वोत्तम व्यावसायिक खेळाडू १५० यार्डांवरून फेअरवेतून मारतात तेव्हा त्यांचा चेंडू सरासरी होलपासून २० फुटांहून लांब थांबतो. मग बंकरमागे कोपऱ्यात लावलेल्या झेंड्यावर आपण कशाच्या जोरावर नेम धरायचा? ग्रीनचा मध्य धरा. वेज (जवळच्या, उंच फटक्यांचा क्लब) हातात असेल आणि झेंड्याच्या बाजूला मोकळी जागा असेल, तर गोष्ट वेगळी.

झाडांमधल्या फटीतून मारणं

माझे 'नको ते' फटके बहुतेक इथलेच होते. आपल्याकडचे जुने कोर्स मोठमोठ्या झाडांनी भरलेले आहेत. चेंडू झाडीत गेला की चार हात रुंद फट दिसते, फटीपलीकडे ग्रीन दिसतं आणि डोळ्यांना बाकी काही दिसेनासं होतं. अशा वेळी मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हाच फटका दहा वेळा मारला तर किती वेळा पार होईल? प्रामाणिक उत्तर सात-आठच्या खाली असेल, तर आडवा चिप करून फेअरवेत यायचं. त्यात एक फटका जातो. खोडाला लागून परतलेला चेंडू दोन-तीन फटके नेतो, शिवाय पुढच्या होलवर आपण चिडलेले असतो.

१९९९ च्या ब्रिटिश ओपनमध्ये, कार्नुस्टीच्या शेवटच्या होलवर, फ्रान्सचा जाँ व्हान द वेल्ड तीन फटक्यांनी पुढे होता. पार ४ च्या होलवर सहा केले असते तरी तो विजेता होता. त्यानं टीवर ड्रायव्हर घेतला आणि चेंडू उजवीकडे, शेजारच्या सतराव्या होलवर गेला. लाय, म्हणजे चेंडू पडलेली जागा, बरी मिळाली. तिथून वेजनं परत फेअरवेत येता आलं असतं, पण त्यानं दोन नंबरच्या आयर्ननं थेट ग्रीनकडे मारलं. चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडवर आपटून मागे, दाट गवतात आला. तिथून तो बॅरी बर्न या ओढ्यात गेला. बूट-मोजे काढून, पँट दुमडून पाण्यात उभा राहिलेला तो, हे दृश्य गोल्फ पाहणाऱ्या कोणाच्याही डोळ्यांसमोर येतं. ड्रॉप घेतला (एक फटका देऊन चेंडू हातानं बाहेर टाकला), पुढचा फटका बंकरमध्ये गेला, आणि शेवटी सात झाले. त्यातला शेवटचा पट त्यानं अवघड असूनही घातला, त्या धैर्याला माझा सलाम आहे. पण प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. मला या सगळ्यात पहिल्या ड्राइव्हपेक्षा दुसरा फटका शिकण्यासारखा वाटतो. पहिला नुसता चुकला होता, दुसरा मुद्दाम निवडलेला होता.

नियम पेनल्टीपुरतेच आठवणं

नियम तुमच्या मदतीलाही असतात. चेंडू हरवल्याची किंवा बाहेर गेल्याची शंका आली की पुढे जाण्याआधीच प्रोव्हिजनल, म्हणजे पर्यायी चेंडू, मारा, आणि तसं तोंडानं स्पष्ट सांगा. शोधायला आता तीनच मिनिटं मिळतात. झुडपाखालचा चेंडू अनप्लेएबल (खेळता न येणारा) ठरवायचा अधिकार तुमचा असतो. एक फटका देऊन दोन क्लबच्या अंतरात, किंवा चेंडू आणि होल यांच्या रेषेत हवं तेवढं मागे जाऊन ड्रॉप घेता येतो. पावसाळ्यात चेंडू स्वतःच्याच खड्ड्यात रुतला, तर फेअरवेतच नाही, रफमध्येही बिनपेनल्टी सुटका मिळते. २०१९ पासून ग्रीनवर बुटांच्या खुणा दुरुस्त करता येतात आणि झेंडा न काढता पट मारता येतो. हे माहीत नसल्यानं लोक फुकट फटके घालवतात.

लाइनच्या मागे लागून स्पीड विसरणं

आता ग्रीन. माझ्या ३८ पटांमध्ये प्रत्येक राउंडला पाच-सहा थ्री-पट (एकाच होलला तीन पट) होते आणि मी त्यांचा दोष लाइन, म्हणजे चेंडूची वाट, वाचण्याला देत होतो. पण ३० फुटांच्या पटचा विचार करा. अंतर दहा टक्के चुकलं की चेंडू होलपासून तीन फूट राहतो. लाइनमध्ये तीन फुटांची चूक होणं त्या मानानं दुर्मीळ. म्हणजे थ्री-पट होतो तो बहुतेक करून पहिला पट फार आखूड किंवा फार लांब गेल्यामुळे.

व्यावसायिकांचे आकडे इथे धीर देतात. तीन फुटांवरून ते जवळजवळ सगळे पट घालतात, आठ फुटांवरून साधारण निम्मे आणि २० फुटांवरून सातातला जेमतेम एक. सुमारे ३३ फुटांपलीकडे त्यांचेही थ्री-पट वन-पटपेक्षा जास्त होतात. तेव्हा लांबच्या पटला होलात घालायचा हट्ट सोडा आणि त्याभोवती तीन फुटांचं वर्तुळ धरा.

सराव असा करतो: २०, ३० आणि ४० फुटांवर, पावलांनी मोजून, टी टोचायचा. चेंडू एकच. प्रत्येक वेळी अंतर बदलायचं, कारण कोर्सवर तोच पट दुसऱ्यांदा मारायला कोणी देत नाही. सरावाचे स्विंग चेंडूकडे नाही, होलकडे बघत घ्यायचे. तीन चेंडू एकाच जागेवरून मारण्याची सवय मला सगळ्यात घातक वाटते. तिसरा चेंडू जवळ जातो, आपण खूश होतो, आणि कोर्सवर मिळतो तो कायम पहिलाच.

कॅडीची लाइन घेणं, पण स्पीड आपली वापरणं

आपल्या कॅडींना ग्रीन पाठ असतं. आमच्याकडचे एक कॅडीकाका तीस वर्षं त्याच ग्रीनवर आहेत. एकदा ते "साहेब, दोन कप उजवीकडून" (होलच्या दुप्पट रुंदीइतका उजवीकडे नेम) म्हणाले, मी बरोबर तिथे मारलं आणि चेंडू वळलाच नाही. मी त्यांच्याकडे बघितलं तर म्हणाले, "साहेब, दोन कप म्हणजे होलाशी मरणाऱ्या चेंडूचे. तुम्ही ठोकलात." त्या एका वाक्यानं मला ब्रेक, म्हणजे उतारावर चेंडूचं वळणं, कळला. प्रत्येक लाइनच्या पोटात एक स्पीड असते. जोरात गेलेला चेंडू कमी वळतो, हळू गेलेला जास्त. म्हणून आता मी विचारतो, "काका, किती जोरानं धरून?" चुकलेला पट होलच्या एक-दीड फूट पुढे थांबेल एवढा जोर मला मानवतो. तुम्ही तुमचा ठरवा आणि कॅडीला तो सांगून ठेवा.

बहुतेक हौशी खेळाडू ब्रेक कमी वाचतात आणि होलच्या उताराकडच्या बाजूनं चुकतात. चेंडू शेवटच्या काही फुटांत, वेग कमी झाल्यावर सगळ्यात जास्त वळतो, म्हणून होलच्या भोवतालचा उतार आधी बघा. बर्म्युडा गवताचे ग्रीन असतील तर ग्रेन, म्हणजे गवताचा कल, हाही पाहावा लागतो. गवत तुमच्यापासून दूर झुकलेलं असेल तर ग्रीन चकाकतं आणि पट वेगानं जातो. तुमच्याकडे झुकलेलं असेल तर गडद दिसतं आणि चेंडू अडतो. होलची एक कड झिजलेली, तपकिरी दिसते, गवताचा कल त्या बाजूला असतो. आणखी एक: सकाळी साडेसहाला सरावाच्या ग्रीनवर दव असतं. तिथला अंदाज साडेनऊला बाराव्या होलवर नेलात तर चेंडू पाच फूट पुढे जातो.

जवळचे पट सपाटीवरच घोटणं

चार-पाच फुटांच्या आत सुरुवातीची दिशा महत्त्वाची, आणि ती बहुतांशी पटरच्या तोंडावर ठरते, झोक्यावर कमी. घरी याचा सराव फुकट होतो. लादीच्या दोन फरशांमधली फट धरा आणि चेंडू तीन फूट त्या फटीवरून चालवा. लादीवर स्पीड खोटी असते, पण दिशा खरी कळते. ग्रीनवर चेंडूपेक्षा जेमतेम रुंद असं दोन टींचं दार करा, चेंडूपासून फूटभर पुढे.

त्यानंतर उतार असलेला होल निवडा आणि त्याभोवती तीन फुटांवर घड्याळाच्या बारा, तीन, सहा, नऊ या जागी टी लावा. तीन फेऱ्या, बारा पट, सलग. एक चुकला की पहिल्यापासून. नवव्या-दहाव्या पटला हात जड होतात आणि तेच हवं असतं, कारण सामन्यातही तसेच होतात.

टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, अदिती अशोक चौथी आली. कांस्यपदक एका फटक्यानं हुकलं. तिचे ड्राइव्ह स्पर्धेतल्या आखूड ड्राइव्हमध्ये मोडत होते. तिच्यापेक्षा कितीतरी लांब मारणाऱ्या मुली तिच्या मागे होत्या, आणि तो फरक तिनं मुख्यतः पटरनं भरून काढला होता. रेंजवरची तिसरी बादली घ्यायच्या आधी मला हे आठवतं.

माझा तासाभराचा सराव आता असा असतो: वीस मिनिटं लांबचे पट, पंधरा मिनिटं घड्याळ, आणि उरलेल्या वेळात एकाच चेंडूनं सरावाच्या ग्रीनवर नऊ होल, प्रत्येक पट शेवटपर्यंत घालून. १८ किंवा कमी झाले तर ठीक. आकडा तारखेसह वहीत जातो. जूनपासून ग्रीन ओलं आणि संथ होतं, ऑक्टोबरमध्ये पुन्हा वेग धरतं, म्हणून पावसाळ्याचं पान मी वेगळं ठेवतो.