हिवाळी ट्रेक: पाऊलखुणा दिसल्या म्हणून उतारावर शिरू नका

दर जानेवारीत मनाली-उत्तराखंडकडे निघालेली पोरं मला भेटतात. जॅकेट कुठलं, बूट कुठले, यावर महिनाभर चर्चा; हिमस्खलनावर एक शब्द नाही.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे परतीचं रिझर्व्हेशन ट्रेक संपल्याच्या दुसऱ्याच दिवसाचं काढणं. एका फेब्रुवारीत आमचा गट मनालीच्या वर होता. दोन दिवस बर्फ पडला, तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन. दिल्लीहून सचखंड एक्सप्रेस गाठायची म्हणून सगळ्यांची घाई. "सर, पाय उमटलेत, लोक गेलेत की!" म्हणत जालन्याचा एक मुलगा उतारावर शिरला. पायाखाली धप्प असा आवाज झाला आणि तो उभा होता त्याच्या वर बर्फात वीसेक फूट लांब भेग पडली. बर्फ खाली सुटला नाही. तो आपल्याच पावलांवरून मागे आला तेव्हा थरथरत होता. आम्ही गाडी सोडून दिली.

तो आवाज खालचा कमजोर थर बसल्याचा. नव्या बर्फाची लादी त्या थरावर नुसती टेकलेली असते. दहा जण सुखरूप गेले तरी अकराव्याच्या वजनाने ती सुटू शकते. बर्फाखाली सापडलेल्या बहुतेक लोकांच्या बाबतीत ती लादी त्यांनी स्वतः किंवा सोबत्यानेच सोडवलेली असते. जोरदार बर्फ पडला की मी दोन दिवस उताराला पाय लावत नाही, आणि रिझर्व्हेशन काढतानाच ते दोन दिवस धरून ठेवतो.

उताराचा कोन नजरेने ठरवू नका, मोबाइलवर मोजा. 30 ते 45 अंशांचे उतार सर्वांत घातक. तुम्ही सपाटीवर असाल, पण डोक्यावर तसा उतार असेल तर तिथेही थांबू नका.

वाऱ्याने बर्फ आणून टाकलेली आडोशाची बाजू टाळा. उतार एका वेळी एकानेच ओलांडायचा. डीजीआरई या डीआरडीओच्या संस्थेचं हिमस्खलनाच्या इशाऱ्याचं बुलेटिन रोज सकाळी वाचा.

ट्रान्सीव्हर, म्हणजे गाडलेल्या माणसाचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र, भाड्याने आणून पिशवीत ठेवणारे पाहिले की जीव तुटतो. तो अंगाला बांधून सकाळपासून चालूच हवा; प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडंही प्रत्येकाकडे हवं. कोसळून थांबलेला बर्फ इतका घट्ट बसतो की हातांनी उकरत नाही. गाडल्या गेलेल्याला पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर बहुधा वाचतो, अर्ध्या तासानंतर आशा फार थोडी. खालून मदत येईपर्यंत तेवढा वेळ नसतो, सोबत्यांनीच काढावं लागतं. म्हणून निघण्याआधी मी गोदावरीच्या पात्रात चालू ट्रान्सीव्हर डब्यात घालून वाळूत पुरतो. दहा मिनिटांच्या आत तो उकरून काढेपर्यंत कुणाला तिकीट काढू देत नाही.