फिट फक्त झोपेतच येते? डॉक्टरकडं जायच्या आधी एवढी तयारी करा

पोरगं रात्री किंचाळून उठलं, हातपाय झाडाय लागलं की आपल्या कोल्हापुरात आधी मीठ-मोहऱ्या ओवाळतात, मग ज्योतिबाला नवस. बऱ्याचदा ते साधं दचकणंच असतंय. पण काही घरांत ती फिट असते, मेंदूच्या पुढच्या भागातनं सुरू होणारी, पिढीजात आणि बहुतेक वेळा झोपेतच येणारी. दिवसा माणूस ठणठणीत, त्यामुळं कुणाला पटतच नाही.

सगळ्यात कामाचा मोबाईल. डॉक्टरला नुसतं सांगून कळत नाही, व्हिडिओ दाखवा. लाईट लावा, पांघरूण बाजूला करा, चेहरा आणि हातपाय दोन्ही दिसू देत, आणि एक नको, तीन-चार रात्रींचे काढा, कारण खरी खूण तिथंच आहे: फिट असली की प्रत्येक वेळी हालचाल जवळजवळ तीच, म्हणजे तोच हात वर, तसंच सायकल मारल्यागत पाय. काही सेकंद ते दोनेक मिनिटं चालतंय आणि एका रात्रीत कितीदाही होतं. नुसतं दचकणारं पोर शक्यतो झोपेच्या सुरवातीला एकदाच उठतं, बराच वेळ रडतं आणि सकाळी त्याला काय आठवत नाही. फिटवाल्या बऱ्याच जणांना मात्र सगळं कळत असतं, फक्त बोलता येत नाही.

मग घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, आजोळीपण. सोयरीक मोडंल म्हणून लोक हे लपवतात, पण इथं लपवलं तर पोराचंच नुकसान आहे ओ. आई-वडलांपैकी एकाकडं या फिटचा बिघडलेला जीन (जनुक) असला तर प्रत्येक मुलात यायचा चान्स ५० टक्के, आणि जीन असूनही साधारण १०० पैकी ३० जणांना फिट येतच नाही, म्हणून मधली पिढी कोरी दिसते. सीएचआरएनए४ नावाच्या जीनचा या आजाराशी संबंध १९९५ ला सापडला.

हे सगळं घेऊन सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात जावा, नाहीतर खासगी न्यूरोलॉजिस्टकडं (मेंदूच्या डॉक्टरकडं). साधा ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) नॉर्मल आला म्हणून गप्प बसू नका, रात्रभराच्या व्हिडिओ ईईजीचं विचारा. कार्बामाझेपिन ही फिटची गोळी बऱ्याच जणांना कमी डोसमध्येच लागू पडते, पण मेडिकलमधनं आपल्या मनानं आणायची नाही आणि बरं वाटलं म्हणून अचानक बंदपण करायची नाही. गोळी चालू केल्यावर अंगावर पुरळ आलं तर लगेच डॉक्टरला दाखवा. जागरण टाळा, यात्रेतलंसुद्धा.

फिट चालू असताना कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, आणि ५ मिनिटांच्या वर गेली तर सरळ १०८ ला फोन लावा.