पिशव्या सरळ रेषेत आहेत ना? गोळी न झाडता तपासा

रायफल टेकवून नेम धरताना फ्रंट रेस्ट (रायफलचा पुढचा भाग टेकवायचा पिशवीचा आधार) चांगला, मागची वाळूची पिशवीही घट्ट भरलेली, तरी लक्ष्यावर गोळ्या आडव्या पसरतात. पुष्कळदा पुढची आणि मागची पिशवी एका रेषेत नसते, एवढंच कारण असतं.

१. बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता दांडा) काढून ठेवा, चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, रिकामं असल्याची खात्री करा, नळी लक्ष्याकडेच.

२. रायफल पिशव्यांवर ठेवून क्रॉसहेअर (स्कोपच्या, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीच्या, आतली फुली) लक्ष्याच्या मध्यावर आणा.

३. स्कोपमधून बघत रायफल सरळ दोन-तीन इंच मागे ओढा, मग पुढे ढकला. क्रॉसहेअर उभ्या रेषेत थोडं वरखाली झालं तर चालेल. डावी-उजवीकडे सरकलं, तर मागची पिशवी केसभर हलवून पुन्हा बघा. घाई करू नका, इथेच खरा फरक पडतो.

रायफल अडखळत सरकत असेल, तर पिशवीच्या कानांवर, म्हणजे स्टॉक (रायफलचा दस्ता) टेकतो तिथे, टाल्कम पावडर चोळा. पिशवी मऊ वाटली तर आणखी कोरडी वाळू ठासा; ओली नको, शिवण कुजते.

एक जपा: टेकवायचा तो स्टॉकचा पुढचा भाग, नळी नव्हे. पट्ट्याची कडीही पिशवीला घासू देऊ नका. धक्क्याने रायफल मागे येताना कडी अडकली की गोळी भलतीकडेच जाते.