पोटातले जंत : कुत्र्या-मांजरांना औषध नेमके कसे द्यावे

पावसाळ्यात रस्त्यावरून उचलून आणलेल्या पिलाचे पोट टम्म असते आणि घरातली माणसे समाधानाने म्हणतात, खाऊन-पिऊन चांगले आहे. त्याच पिलाच्या पाठीवरून हात फिरवला तर मणके बोटांना टोचतात आणि बरगड्या मोजता येतात. केस निस्तेज असतात, भूक वखवखलेली असते आणि अधूनमधून उलटीत किंवा शीमध्ये शेवयांसारखे पांढरट, टोकाकडे निमुळते होत गेलेले जंत पडतात. हे गोलकृमी होत. रस्त्यावरच्या पिलाच्या पोटात ते आहेतच असे धरून चालावे, कारण ते बहुधा त्याच्या जन्माच्या आधीच तिथे पोहोचलेले असतात.

कुत्रीच्या स्नायूंमध्ये या जंतांच्या अळ्या सुप्तावस्थेत पडून असतात. गाभणपणाच्या साधारण ४२व्या दिवसानंतर त्या जाग्या होतात आणि नाळेवाटे गर्भातल्या पिलांमध्ये शिरतात. जन्मानंतर काही दुधातूनही जातात. मांजरीच्या पिलांना गर्भात लागण होत नाही, त्यांना ती दुधातून होते. म्हणून कुत्र्याच्या पिलाला पहिले औषध २ आठवड्यांचे असताना आणि मांजराच्या पिलाला ३ आठवड्यांचे असताना द्यायचे असते. त्यानंतर ८ आठवड्यांपर्यंत दर १५ दिवसांनी, पुढे ६ महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा आणि मग साधारणपणे दर ३ महिन्यांनी, हा रुळलेला क्रम आहे. पिलांबरोबर त्यांच्या आईलाही औषध द्यावे. पिले स्वच्छ आणि आई तशीच, असे झाले तर केलेले काम वाया जाते.

एकदा औषध दिले, आता पुन्हा कशाला, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात विचारला जातो. पिलांना देतात ते पायरँटेल आतड्यातल्या जंतांना लुळे करते आणि ते शीवाटे बाहेर पडतात. मात्र यकृतातून आणि फुप्फुसांतून प्रवास करत असलेल्या अळ्यांना ते शिवतही नाही. त्या अळ्या नंतर आतड्यात उतरून मोठ्या होतात. दुसरा, तिसरा डोस त्यांच्यासाठी असतो. मधला एखादा डोस चुकला तर मागून आलेल्या जंतांना अंडी घालायला पुरेसा अवधी मिळतो.

प्रत्येक जंत एकाच औषधाने मरत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. शेपटीखालच्या केसांना किंवा झोपायच्या गोधडीला तांदळाच्या कण्यांसारखे काही चिकटलेले दिसले तर ते चिमट्याने उचलून पांढऱ्या कागदावर ठेवावे आणि नीट पाहावे. ताजा तुकडा काकडीच्या बीसारखा दिसतो आणि आखडत-पसरत हळूहळू सरकतो. वाळला की कणीसारखा कडक होतो. हा पट्टकृमीचा सुटलेला तुकडा असतो आणि त्यात अंडी भरलेली असतात. यावर पायरँटेलचा उपयोग नाही, प्राझिक्वांटेल लागते. ते दिल्यावर पट्टकृमी आतच पचून जातो, त्यामुळे बाहेर काही पडले नाही म्हणून गोळी लागू पडली नाही असे समजू नये. या जंताची अळी पिसवेच्या शरीरात वाढते, आणि अंग चावताना जनावराने ती पिसू गिळली की २-३ आठवड्यांत तुकडे पुन्हा दिसू लागतात. पिसवांचा बंदोबस्त केल्याशिवाय या जंतापासून सुटका नाही. गोधड्या गरम पाण्यात धुवाव्यात आणि घरातल्या सर्व जनावरांवर पिसवांचा उपचार एकाच वेळी करावा. मात्र कुत्र्यासाठीचे परमेथ्रिन असलेले औषध मांजराच्या मानेवर कधीही सोडू नये. मांजराला ते विष आहे आणि त्याने जीव जाऊ शकतो. उंदीर मारून खाणाऱ्या मांजराला उंदरातूनही वेगळ्या प्रकारचा पट्टकृमी होतो.

मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती अंकुशकृमीची. तो जेमतेम १-२ सेंटीमीटरचा असतो, शीमध्ये सहसा दिसत नाही आणि आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त पितो. लहान पिलू त्याने काही दिवसांत दगावू शकते. पिलाचा ओठ वर करून हिरड्या पाहाव्यात: त्या गुलाबी न दिसता पांढुरक्या दिसत असतील, शी डांबरासारखी काळी होत असेल आणि पिलू गळून पडून राहत असेल, तर घरी गोळी देत बसू नये, त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. अशा पिलाला कधी कधी रक्त चढवावे लागते.

डोस वजनावर ठरतो, म्हणून आधी वजन करावे. जनावराला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहावे, मग एकट्याने उभे राहावे आणि वजाबाकी करावी. मोठ्या कुत्र्यांसाठीच्या अनेक संयुक्त गोळ्या १० किलोला एक अशा मापाच्या असतात. ६ किलोच्या कुत्र्याला अंदाजपंचे पूर्ण गोळी आणि २५ किलोच्यालाही एकच, असे करू नये. गोळी थोड्या शिजवलेल्या चिकनमध्ये किंवा पनीरमध्ये दडवून द्यावी आणि गिळेपर्यंत समोर थांबावे, कारण काही कुत्री ती गालात धरून नंतर पलंगाखाली टाकतात. मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळावे, गोळी जिभेच्या मुळाशी ठेवावी आणि पाठोपाठ बिनसुईच्या सिरिंजने चमचाभर पाणी गालाच्या बाजूने हळूहळू सोडावे. गुरांसाठीचे आयव्हरमेक्टिन कुणी सांगितले म्हणून कुत्र्याला देऊ नये. कोली आणि त्यासारख्या काही जातींच्या मेंदूवर ते घातक परिणाम करते. जंतांवर उपाय म्हणून लसूण चारण्याची पद्धतही सोडून द्यावी, कारण लसूण आणि कांदा दोन्हींमुळे कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

औषधानंतरही जुलाब थांबत नसतील तर शी तपासून घ्यावी. त्याच दिवशीची, सुपारीएवढी शी स्वच्छ डबीत घ्यावी. उशीर होणार असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवावी, फ्रीझरमध्ये नव्हे. जिआर्डिया आणि कॉक्सिडिया हे एकपेशीय जीव डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांचे उपचार वेगळे असतात. कुत्र्यांमधला चाबूककृमी अंडी सलग टाकत नाही, त्यामुळे एक तपासणी निर्दोष आली तरी डॉक्टर पुन्हा नमुना मागू शकतात. कुत्रे बूड जमिनीवर घासते म्हणजे जंतच झाले, असेही नाही. बहुतेक वेळा गुदग्रंथी भरलेल्या असतात.

शी रोजच्या रोज उचलणे हा घरातल्या मुलांसाठीचाही उपाय आहे. गोलकृमीची अंडी पडल्याबरोबर लागण करू शकत नाहीत, त्यांना मातीत साधारण २ ते ४ आठवडे लागतात. एकदा तयार झाली की मात्र ती वर्षानुवर्षे टिकतात आणि ब्लीचनेही मरत नाहीत. फरशीवर उकळते पाणी ओतावे. माती तोंडात घालणाऱ्या लहान मुलाच्या शरीरात या अळ्या यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यातही शिरतात. अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या मातीतून आणि वाळूतून अनवाणी पायाच्या कातडीत घुसतात आणि तिथे खाजणारी, नागमोडी लाल रेघ उमटते. मटणाच्या दुकानातले कच्चे यकृत, फुप्फुस कुत्र्याला घालू नये, नीट शिजवून घालावे. त्यातून कुत्र्याला होणाऱ्या एका बारीक पट्टकृमीच्या अंड्यांमुळे माणसाच्या यकृतात पाण्याच्या मोठ्या गाठी होतात.

डोस दिला की तारीख, वजन आणि औषधाचे नाव लसीकरणाच्या पुस्तिकेत त्याच वेळी लिहून ठेवावे, आणि घरात दुसरे कुत्रे-मांजर असेल तर त्यालाही त्याच दिवशी त्याच्या वजनाप्रमाणे औषध द्यावे.