चिप लेव्हल दुरुस्ती शिकायची आहे? फी भरण्यापूर्वी आणि नंतरही या चुका टाळा

मोबाइल आणि लॅपटॉप दुरुस्तीच्या वर्गांच्या पाट्यांवर ‘चिप लेव्हल’ हे दोन शब्द इतक्या सहजपणे लिहिलेले असतात, की त्यांचा अर्थ विचारून घ्यावा हे प्रवेश घेणाऱ्याला सुचतही नाही. डिस्प्ले, बॅटरी किंवा चार्जिंग जॅक बदलणे, लॅपटॉपची रॅम किंवा एसएसडी बदलणे ही सगळी उपयोगाची आणि पोट भरणारी कामे आहेत, पण धंद्यात त्यांना कार्ड लेव्हल म्हणतात. चिप लेव्हल म्हणजे मदरबोर्डवरील नेमका कोणता कपॅसिटर (वीज साठवणारा भाग), मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा भाग) किंवा आयसी (चिप) बिघडला आहे हे मोजमाप करून शोधणे आणि तेवढाच भाग बदलून बोर्ड पुन्हा सुरू करणे. मी स्वतः पहिल्यांदा ज्या वर्गात पैसे भरले, तेथे डिस्प्ले बदलणे आणि सॉफ्टवेअर टाकणे यांतच जवळजवळ सगळा काळ गेला. बोर्डला मीटर लावण्याची वेळ शेवटच्या आठवड्यात आली आणि तीही शिक्षकांच्या हाताकडे पाहण्यापुरतीच. तो दोष वर्गाचा होता तितकाच माझाही होता, कारण मी प्रवेशापूर्वी फी आणि कालावधी यांखेरीज काहीच विचारले नव्हते.

पाटी वाचून प्रवेश घेणे

वर्ग पाहायला जाल तेव्हा अभ्यासक्रमाचे माहितीपत्रक बाजूला ठेवून टेबलांकडे पाहावे. किती विद्यार्थ्यांमागे एक मायक्रोस्कोप आहे, प्रत्येकाला स्वतंत्र डीसी सप्लाय (हवे तितके व्होल्टेज देणारे यंत्र) मिळतो का, सरावासाठी बंद बोर्ड कोण पुरवतो आणि विद्यार्थ्याच्या हातून बोर्ड जळाला तर काय होते, हे चार प्रश्न विचारावेत. त्यानंतर एक बंद बोर्ड समोर ठेवून त्यातील दोष कसा शोधतात ते पाहू देण्याची विनंती करावी. ज्या शिक्षकाने मीटर हातात घेण्यापूर्वी ग्राहकाने काय सांगितले, बोर्डला पाणी लागले होते का, आधी कोणी हात लावला होता का, असे विचारायला सुरुवात केली, त्याच्याकडे निःशंकपणे शिकावे. ज्याने थेट हॉट एअर (गरम हवेने सोल्डर वितळवणारे यंत्र) सुरू केली, त्याच्याकडे मी तरी माझ्या धाकट्या भावाला पाठवणार नाही.

प्रमाणपत्राचा प्रश्न वेगळा आहे. आयटीआयमधील इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा व्यवसाय अभ्यासक्रम थेट मोबाइल दुरुस्तीसाठी नाही, तरी डायोड, ट्रान्झिस्टर आणि वीजपुरवठ्याची मंडले त्यात पायापासून शिकवली जातात, आणि बोर्डवर काम करताना हीच समज सर्वांत जास्त उपयोगी पडते. ग्रामीण भागातील तरुणांसाठी बँकांच्या पुढाकाराने चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था मोबाइल दुरुस्तीचे निवासी प्रशिक्षण विनामूल्य देतात. एवढ्या अल्प मुदतीत कोणी चिप लेव्हल कारागीर होत नाही, पण हाताला सोल्डरिंगचे वळण लागते आणि हे काम आपल्याला झेपेल का, याचा अंदाज मोठी फी भरण्यापूर्वीच येतो. दिल्लीच्या करोल बागेतील किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोड परिसरातील महागड्या वर्गाकडे थेट धाव घेण्यापेक्षा हा क्रम मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

मोजण्याआधी तापवणे

ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. नव्या विद्यार्थ्याला हॉट एअरचे आकर्षण असते, कारण आयसी उचलून पुन्हा बसवणे हे डोळ्यांना दिसणारे कौशल्य आहे. परंतु दुरुस्तीचा बहुतांश वेळ शोधण्यात जातो आणि उष्णता देण्याचे काम अखेरच्या काही मिनिटांचे असते. ज्या वर्गात पहिल्या आठवड्यापासून रिबॉलिंग (चिपखालचे सोल्डरचे गोळे नव्याने बसवणे) शिकवतात आणि मीटरचा डायोड मोड एका तासात आटोपतात, तो वर्ग उलट्या क्रमाने शिकवतो आहे असे समजावे.

डायोड मोडमध्ये मीटरचा लाल प्रोब ग्राउंडला (बोर्डच्या सामायिक ऋण बाजूला) आणि काळा प्रोब तपासायच्या बिंदूला लावला, की त्या लाइनचे, म्हणजे वीज वाहण्याच्या त्या वाटेचे, एक ठरावीक रीडिंग मिळते. चांगल्या बोर्डवर एखाद्या बिंदूला ०.४५० आले आणि बंद बोर्डवर त्याच बिंदूला शून्याच्या जवळचे आले, तर ती लाइन शॉर्ट आहे, म्हणजे थेट ग्राउंडला जोडली गेली आहे. मीटरने ओएल (मापाबाहेर) दाखवले, तर वाटेत कोठेतरी प्रिंट (बोर्डवरील तांब्याची रेघ) तुटली आहे किंवा आयसीचा टाका सुटला आहे. बोर्डला वीज न देता एवढी माहिती मिळते, म्हणूनच या सवयीला पर्याय नाही.

याच ठिकाणी लॅपटॉप शिकणाऱ्यांची एक ठरलेली फसगत होते. मीटर बझरवर (जोडणी सापडली की वाजणाऱ्या मोडवर) ठेवून प्रोसेसरच्या कोअर सप्लायच्या कॉइलवर प्रोब लावला की मीटर वाजतो आणि विद्यार्थी ‘शॉर्ट सापडला’ म्हणून आनंदतो. वास्तविक प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिपच्या कोअर लाइनचा ग्राउंडशी रोध मुळातच अतिशय कमी, कित्येकदा अवघा काही ओहम किंवा त्याहूनही कमी असतो, आणि बझर तेवढ्यावरही वाजतो. अशा लाइनवर बझर बंद करून ओहममध्ये मोजावे आणि ते माप त्याच मॉडेलच्या चालू बोर्डशी ताडून पाहावे. चांगला प्रोसेसर केवळ या गैरसमजापोटी उखडला गेल्याचे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी हळहळ वाटली आहे.

शॉर्ट खरोखरच असेल तर बाहेरून व्होल्टेज देऊन गरम होणारा भाग शोधतात. थर्मल कॅमेरा नसला तरी चालते. बोर्डवर राळेचा धूर बसवला की पांढरा थर तयार होतो आणि शॉर्ट झालेल्या कपॅसिटरवर तो थर सर्वांत आधी वितळतो. मात्र लाइन ज्या व्होल्टेजची आहे त्यापेक्षा जास्त कधीही देऊ नये. सुमारे १ व्होल्टच्या कोअर लाइनवर १९ व्होल्ट सोडले, तर दोष सापडण्याऐवजी प्रोसेसर मरतो. सुरुवात १ व्होल्टपासून किंवा त्याहूनही खालून करावी आणि करंटची मर्यादा आधी ठरवावी.

तापमानाच्या आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवणे हीसुद्धा याच चुकीची शाखा आहे. शिसे असलेले ६३/३७ सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते आणि कंपन्या वापरतात ते शिसेविरहित सोल्डर सुमारे २१७ अंशांच्या पुढे. परंतु मशीनच्या पडद्यावरील आकडा हा हवेचा असतो, बोर्डचा नव्हे. नोझल किती अंतरावर आहे, हवेचा वेग किती आहे आणि खालचा ग्राउंडचा तांब्याचा थर किती उष्णता खेचून घेतो, यांवर प्रत्यक्ष तापमान ठरते. म्हणून ‘अमुक अंशांवर ठेवा’ एवढेच सांगणाऱ्या शिक्षकाला ‘का’ हे विचारावे. बॅटरी काढल्याशिवाय बोर्डला उष्णता देऊ नये, हे मात्र न विचारताही पाळावे.

तयार उत्तरांवर जगणे

मॉडेलचे नाव टाकले की ‘येथून येथे जंपर (तारेची थेट जोडणी) मारा’ असे चित्र मिळते आणि कधीकधी सेट चालूही होतो. पण ज्याला सर्किट डायग्राम आणि बोर्डव्ह्यू (बोर्डवरील भागांच्या जागा दाखवणारा नकाशा) वाचता येत नाही, तो चित्र न मिळालेल्या पहिल्याच सेटसमोर थांबतो. लॅपटॉपमध्ये चार्जरचे १९ व्होल्ट जॅकमधून मॉस्फेट ओलांडून मुख्य लाइनवर येतात, त्यांतून ३.३ आणि ५ व्होल्टचे सप्लाय तयार होतात, पॉवर बटणाचा सिग्नल नियंत्रक आयसीकडे जातो आणि त्यानंतर रॅम आणि प्रोसेसरचे सप्लाय क्रमाने सुरू होतात. हा क्रम ज्याला कागदावर काढता येतो, त्याला साखळी कोठे तुटली हे अनोळखी मॉडेलवरही शोधता येते.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. एखादा वर्ग आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) बदलणे हा ‘ॲडव्हान्स’ अभ्यासक्रमाचा भाग म्हणून शिकवत असेल, तर तेथून परत फिरावे. दूरसंचार कायदा, २०२३ नुसार अशा ओळख क्रमांकात फेरफार करणे हा गुन्हा असून त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

अवजारांवर आधी खर्च करणे

चांगला मीटर, डीसी सप्लाय, टोकदार सोल्डरिंग आयर्न, हॉट एअर आणि मायक्रोस्कोप एवढ्यावर बरेच महिने निघतात. बायोस प्रोग्रॅमरसारखी (लॅपटॉप सुरू करणारे सॉफ्टवेअर चिपमध्ये लिहिणारे यंत्र) स्वस्त वस्तू घेतानाही चौकशी करावी, कारण सीएच३४१ए या लोकप्रिय काळ्या प्रोग्रॅमरच्या अनेक प्रती ३.३ व्होल्टच्या चिपला डेटा पिनांवर ५ व्होल्ट देतात आणि १.८ व्होल्टच्या चिपसाठी वेगळा ॲडॅप्टर लागतो. वाचलेले पैसे भंगार बोर्डांवर खर्च करावेत. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीच्या परिसरात चौकशी करून पाहावी किंवा ओळखीच्या दुकानदाराकडून टाकाऊ बोर्ड मागून घ्यावेत. ग्राहकाचा सेट हा सराव करण्याचे साधन नाही, कारण त्यात त्याच्या मुलांचे फोटो आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी असतात आणि आजच्या फोनमध्ये प्रोसेसर गेला की एन्क्रिप्शनमुळे मेमरी चांगली असूनही त्या परत मिळत नाहीत.

वर्ग संपला, तरी दोष सापडत नाही

अशा वेळी दुसऱ्या वर्गात नाव घालण्याची घाई करू नये. दुरुस्तीच्या चालत्या दुकानात काही महिने मदतनीस म्हणून बसावे, कारण तेथे दिवसाला जितके वेगवेगळे दोष पाहायला मिळतात तितके वर्गात पूर्ण सत्रातही मिळत नाहीत. सोबत एक वही ठेवावी. प्रत्येक चालू बोर्ड परत जोडण्यापूर्वी त्याच्या बॅटरी कनेक्टरची, चार्जिंग कनेक्टरची आणि मुख्य कॉइलची डायोड रीडिंग मॉडेलच्या नावासह तिच्यात लिहावीत. माझ्या पहिल्या वहीची पाने आता सुटी झाली आहेत, पण जुना बंद सेट टेबलावर आला की मी अजूनही आधी तीच उघडतो.