ऑनलाइन घेतलेला मोबाइल बिघडला तर तक्रार कशी चालवावी

ऑनलाइन मागवलेला मोबाइल, लॅपटॉप किंवा टीव्ही महिनाभरात बिघडला की पुढचा क्रम बहुतेक घरांत सारखाच असतो. विक्रीचे संकेतस्थळ सांगते की सात दिवसांची बदलीची मुदत संपली, आता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जा. सर्व्हिस सेंटर सांगते की दोष वापरामुळे आला आहे, दुरुस्तीचा खर्च तुमचा. आणि बिलावर ज्याचे नाव आहे त्या विक्रेत्याला गाठायचे कुठे, हे कोणालाच ठाऊक नसते. या टोलवाटोलवीला कंटाळून माणूस पदरचे पैसे घालून वस्तू दुरुस्त करून घेतो, नाही तर समाजमाध्यमांवर चार कडक ओळी लिहून गप्प बसतो. कायदा मात्र या बाबतीत बऱ्यापैकी स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 जुलै 2020 मध्ये लागू झाला आणि ई-कॉमर्सचे नियमही त्याच महिन्यात आले. घोडे अडते ते पुराव्यापाशी, आणि पुरावा पहिल्या आठ-दहा दिवसांतच हाती लागतो किंवा कायमचा हातचा जातो. त्यामुळे ग्राहकांच्या तक्रारींवर निकाल देणाऱ्या आयोगापेक्षा त्या दिवसांविषयीच येथे अधिक लिहिले आहे.

सर्वांत आधी बिल उतरवून घ्यावे. ॲपमध्ये दिसणारी ऑर्डरची माहिती म्हणजे बिल नव्हे. विक्रेत्याचे नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक आणि वस्तूचा अनुक्रमांक असलेली पीडीएफ प्रत वेगळी असते. मोबाइलच्या बाबतीत बिलावरचा आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक), खोक्यावरचा क्रमांक आणि *#06# दाबल्यावर पडद्यावर दिसणारा क्रमांक हे तिन्ही जुळतात का, ते पाहावे. ते जुळत नसतील तर तक्रारीचे स्वरूपच बदलते, कारण मग प्रश्न बिघाडाचा न राहता भलतीच वस्तू दिल्याचा होतो. त्यासोबतच वस्तूच्या जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट घ्यावेत. ही पाने बदलत राहतात, आणि 'एक वर्षाची वॉरंटी' असे ठळक लिहिलेले वाक्य सहा महिन्यांनी तिथे असेलच, असे नाही. खोके उघडतानाचा व्हिडिओ हवाच, असे कोणताही कायदा सांगत नाही. तो नाही म्हणून तक्रार फेटाळणारा ग्राहक सेवेतला प्रतिनिधी केवळ आपल्या कंपनीचे धोरण सांगत असतो. तरीही महागड्या वस्तूचा असा व्हिडिओ काढून ठेवावा, कारण त्यामुळे पुढचा बराच वाद वाचतो.

यानंतरचा टप्पा सर्व्हिस सेंटरचा, आणि माझ्या मते बहुतेक तक्रारी येथेच हरल्या जातात. वस्तू दुरुस्तीला देताना तिथे मिळणारी जॉबशीट, म्हणजे दोषाची आणि वस्तूच्या स्थितीची नोंद, हा पुढे आयोगासमोर जाणारा सर्वांत महत्त्वाचा कागद असतो, पण आपण ती कुरिअरच्या पावतीसारखी न वाचता सही करून देतो. काउंटरवरचा कर्मचारी संगणकावर भराभर पर्याय निवडत जातो. ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात 'नॉट वर्किंग' आणि वस्तूच्या स्थितीच्या रकान्यात 'स्क्रॅचेस, डेंट' एवढे शब्द पडतात आणि कागद सहीसाठी पुढे येतो. मागे रांग असली तरी येथे घाई करू नये. 'चार्जिंगला लावल्यावर दहा मिनिटांत आपोआप बंद पडतो, हा दोष 3 एप्रिलपासून आहे', अशा नेमक्या शब्दांत दोष लिहून घ्यावा. बाहेरून ओरखडा नसेल तर तसेही लिहायला लावावे. कर्मचारी नकार देत असेल तर स्वतःच्या सहीजवळ हाताने एक ओळ लिहावी आणि त्या कागदाचा लगेच फोटो काढावा.

मोबाइल हाती देण्यापूर्वी सिमचा ट्रे काढून आतल्या खाचेत टॉर्चचा उजेड पाडून पाहावा. अनेक मॉडेलमध्ये तिथे एक बारीक पांढरी पट्टी असते, जी पाणी लागल्यावर लाल किंवा गुलाबी होते. 'लिक्विड डॅमेज' हा शेरा मारून वॉरंटी नाकारताना याच पट्टीचा आधार घेतला जातो. पट्टी पांढरी असल्याचा फोटो तारखेसह जवळ असेल तर नंतर तो शेरा मारणे त्यांना अवघड जाते. फोनमधली माहिती दुसरीकडे साठवून घ्यावी आणि पासवर्ड कागदावर लिहून देऊ नये. तो मागितलाच तर समोर उभे राहून स्वतः टाकावा. दोष पहिल्या काही दिवसांतला असेल तर डीओए ('डेड ऑन अरायव्हल') प्रमाणपत्र मागावे. वस्तू मुळातच सदोष आली, असे त्यात कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरने लिहून दिलेले असते आणि ते असताना विक्रेत्याची पळवाट जवळपास बंद होते. त्याची मुदत प्रत्येक कंपनीची वेगळी असते, म्हणून दोष दिसल्यावर रविवारची वाट पाहत बसू नये.

दुरुस्ती नाकारली गेली, किंवा दोनदा करूनही दोष कायम राहिला, की फोनवरचे बोलणे थांबवून लेखी व्यवहार सुरू करावा. ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक संकेतस्थळाला तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचे नाव व संपर्क जाहीर करावा लागतो. या अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तिचे निराकरण करायचे असते. विक्रेत्याचा ठावठिकाणा लागत नसेल तर खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागणी केल्यावर त्याचा पत्ता, ईमेल आणि संपर्काचा तपशील देणे संकेतस्थळावर बंधनकारक आहे. 'आम्ही फक्त मध्यस्थ आहोत', हे उत्तर येणारच. त्यावर हा तपशील मागणे हेच योग्य प्रत्युत्तर. सदोष वस्तू परत घेण्यास किंवा तिचे पैसे परत करण्यास संकेतस्थळावरून विकणाऱ्या विक्रेत्याला नकार देता येत नाही, असेही हेच नियम सांगतात. बिलाच्या तळाशी छापलेल्या 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या ओळीने सदोष मालाच्या बाबतीत घाबरून जाण्याचे कारण नाही. बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर 30 दिवसांत, सदोष वस्तू परत घेण्यास नकार देणे ही अधिनियमानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

पत्र लहान असावे. त्यात विशेषणांऐवजी तारखा असाव्यात आणि मागणी एकच असावी. नमुना असा: 'मी 12 मार्च रोजी सोबत जोडलेल्या बिलानुसार मोबाइल खरेदी केला. 3 एप्रिल रोजी तो चार्जिंगच्या वेळी बंद पडू लागला. 5 एप्रिल आणि 19 एप्रिल रोजी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दिला; दोन्ही जॉबशीट सोबत आहेत. दोष कायम आहे. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत बिलाची पूर्ण रक्कम परत करावी, अन्यथा मला जिल्हा आयोगाकडे दाद मागावी लागेल.' एवढे पुरे. 'तुमच्यासारख्या लुटारू कंपन्यांमुळे' अशा वाक्यांनी मनाचे समाधान होते, पण वाचणाऱ्याचे लक्ष तारखांवरून उडते. हे पत्र विक्रेता, संकेतस्थळ आणि उत्पादक कंपनी या तिघांनाही ईमेलने पाठवावे, आणि रक्कम मोठी असेल तर पोस्टातून पोचपावतीसह स्वतंत्रपणे पाठवावे. वकिलाचीच नोटीस हवी, असे नाही.

उत्तराची वाट पाहत असताना राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 या क्रमांकावर, तक्रार नोंदवावी. तेथे मराठीतही बोलता येते. ही हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, ती कंपनीकडे तक्रार पोहोचवून पाठपुरावा करते. तरीही मी हा टप्पा टाळू नये असेच म्हणेन, कारण मोठ्या कंपन्यांपैकी अनेक जणी या यंत्रणेशी थेट जोडलेल्या आहेत आणि ग्राहक सेवेच्या चॅटमध्ये अडकलेले प्रकरण तिथे वेगळ्या विभागाच्या टेबलावर जाते. शिवाय तक्रारीचा नोंदणी क्रमांक हा आपण प्रयत्न केल्याचा आणखी एक पुरावा होतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे काम निराळे आहे. फसव्या जाहिराती किंवा न विचारता खरेदीच्या यादीत जास्तीची वॉरंटी घुसडण्यासारखे प्रकार, ज्यांबद्दल 30 नोव्हेंबर 2023 ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, ते तिथे कळवावेत. स्वतःचे पैसे परत मिळवण्याचा रस्ता तो नव्हे.

तो रस्ता जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जातो. कंपनीचे कार्यालय बंगळूरला किंवा गुरुग्रामला असले तरी लातूरचा रहिवासी लातूरच्याच आयोगात तक्रार करू शकतो, आणि 2019 च्या अधिनियमाने ग्राहकाला दिलेली ही सर्वांत मोलाची सवलत आहे. वस्तूसाठी मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगात चालते आणि 5 लाखांपर्यंतच्या किमतीला तक्रारीचे शुल्कच नाही. येथे मोजलेली किंमत पाहतात, मागितलेली भरपाई नव्हे. म्हणून 18,000 च्या मोबाइलसाठी 10 लाखांचा मानसिक त्रास मागून काहीच साधत नाही, उलट तक्रारीचे गांभीर्य कमी होते. वस्तूची किंमत, त्यावरील व्याज, तक्रारीचा खर्च आणि त्रासापोटी पटण्याजोगी रक्कम एवढेच मागावे. वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. ती 1 जानेवारी 2025 पासून सुरू झालेल्या ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन करता येते. वकील न देता स्वतः बाजू मांडता येते, आणि व्हिडिओद्वारे सुनावणीची तरतूदही अधिनियमात आहे. विक्रेता, संकेतस्थळ आणि उत्पादक अशा तिघांनाही सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते पक्ष, करावे. एकाला वगळले की उरलेले दोघे नेमके त्याच्याकडे बोट दाखवतात.

ज्यांनी कर वाचवण्यासाठी दुकानाच्या किंवा फर्मच्या जीएसटी क्रमांकावर मोबाइल घेतला आहे, त्यांना मात्र येथे अडचण येऊ शकते. व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा 'ग्राहक' या व्याख्येत बसत नाही आणि सामनेवाल्यांचा पहिला आक्षेप हाच असतो. स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू याला अपवाद आहे, पण तसे असल्याचे आपल्यालाच दाखवावे लागते. घरच्या वापराच्या वस्तूचे बिल स्वतःच्या नावावर घेणे म्हणूनच शहाणपणाचे.

तक्रार स्वीकारायची की नाही, हे सामान्यतः 21 दिवसांत ठरते. त्या मुदतीत निर्णय झाला नाही तर ती स्वीकारली गेली असे मानले जाते. नोटीस मिळाल्यावर सामनेवाल्यांना लेखी म्हणणे देण्यासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. ही मुदत त्यापुढे वाढवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे 46 वा दिवस दिनदर्शिकेत खूण करून ठेवावा. निकाल तीन महिन्यांत, आणि वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागल्यास पाच महिन्यांत द्यावा, असे अधिनियम म्हणतो; प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे मनाशी धरूनच चालावे. दरम्यान सदोष मोबाइल बाहेरच्या कोणत्याही दुकानात उघडू देऊ नये, कारण तपासणीची वेळ आली तर तोच पुरावा असतो. मधल्या काळात मध्यस्थीचा प्रस्ताव आला आणि पूर्ण रक्कम मिळत असेल, तर भरपाईच्या आशेने तो नाकारण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

आदेश बाजूने लागला की त्याची प्रमाणित प्रत घेऊन ती ईमेलने आणि पोस्टाने सामनेवाल्यांना पाठवावी. त्यांना राज्य आयोगाकडे अपिलासाठी 45 दिवस मिळतात, आणि अपील करायचे तर आदेशातील रकमेच्या निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते, त्यामुळे लहान रकमांसाठी पैसे देऊन मोकळे होणे त्यांना अनेकदा स्वस्त पडते. ती मुदत उलटूनही पैसे आले नाहीत, तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज द्यावा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षांपर्यंत कैद, किमान 25,000 रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि अर्जात अधिनियमाच्या कलम 71 व 72 यांचा उल्लेख करून नेमकी किती रक्कम, कोणत्या तारखेपासूनच्या व्याजासह येणे आहे, याचा हिशेब जोडावा.